इराची सही

४ ऑगस्ट

उजवा डोळा गेला. पूर्ण नाही — मधला भाग. वाचायला घेतलेल्या शब्दाच्या जागी करडा डाग, आजूबाजूचं मात्र दिसतं. मुंबईचे डॉक्टर माझ्या निम्म्या वयाचे. म्हणाले, "डावाही त्याच वाटेवर आहे. इंजेक्शनं देऊ, वेग कमी होईल. गेलेलं परत येणार नाही." मी विचारलं, आणि मायक्रोस्कोप? ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय!

हरी वाडीतली नारळ उतरवणी सोडून सोबत आला होता, म्हणजे नवऱ्यालाही अंदाज होता. परतताना वडखळला चहाला थांबलो. मग म्हणाला, "इराला सही करू दे आता."

इरा माझ्या लॅबमधली धाकटी डॉक्टर; रिपोर्टवर सही मात्र आजवर माझीच.

६ ऑगस्ट

आज लॅबमध्ये परक्या माणसासारखी बसून पाहिलं. केबिनबाहेर माणसं उभीच. एकीला सुट्टी हवी. एकाला फ्रीजवाला बोलवायचा. किहीमच्या केंद्रावरून फोन — रक्त घेणारी मुलगी आली नाही, केंद्र बंद ठेवू का? आमचा जुना टेक्निशियन सुजित दारात — "मॅडम, सुया संपत आल्यात. मागवू का?"

म्हटलं, संपत आल्यात तर मागव ना!

"मागच्या टायमाला न विचारता मागवल्या तर तुम्ही ओरडलात."

ओरडले होते. अलिबागची लॅब, नागाव-किहीम-थळची केंद्रं, सगळं मी उभं केलं. पण आजही माझ्या तोंडून निघाल्याशिवाय कापूससुद्धा येत नाही. हरी मागे एकदा म्हणाला होता, तू लॅब चालवत नाहीस, तूच लॅब होऊन बसलीयस. तेव्हा मला ती स्तुती वाटली होती.

९ ऑगस्ट

सगळ्यांना बोलावून सांगितलं — आजपासून मशीनवरच्या तपासण्यांवर डॉ. इराची सही. साखर, थायरॉईड, सगळं. टाळ्या वाजल्या. इराने विचारलं, "आणि स्लाइड्स?"

"त्या मी बघेन."

"बरं मॅडम."

इरा एमडी आहे, माझ्याइतकंच शिकलेली. इतकी वर्षं "बरं मॅडम" म्हणतेय. आणि मी तिला सोपवलं काय? मशीनने आधीच सांगून टाकलेलं!

१४ ऑगस्ट

एका स्लाइडवरचं नाव दुसऱ्याच पेशंटचं म्हणून वाचलं. सुजितने काही न बोलता कागद माझ्यापुढून काढून घेतला. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुपारी इराला बोलावून सांगितलं, स्लाइड्सही तुझ्याकडे. तिने विचारलं, "नक्की, मॅडम?" नक्की म्हटलं.

घरी हरी "शाबास" म्हणाला. मला रडू आलं. मी सांगितलं, डोळ्यांत औषध घातलंय.

१५ ऑगस्ट

सुट्टी. दिवसभर हात रिकामे.

२० ऑगस्ट

सोपवलं म्हणते खरी. पण संध्याकाळी सगळे गेले की मी तिने बघितलेल्या स्लाइड्स काढून डाव्या डोळ्याने पुन्हा बघते. रोज! एकही चूक सापडली नाही. आनंद व्हायला हवा. होत नाही. मी चूकच शोधतेय ना — सापडली की म्हणता येईल, बघा, माझ्याशिवाय चालत नाही.

आज ती विसरलेला डबा घ्यायला परत आली. मी मायक्रोस्कोपवर वाकलेली. ती चिडली नाही. हळू आवाजात म्हणाली,

"मॅडम, तुम्ही माझी परीक्षा घेताय की स्वतःची?"

मी स्लाइड खोक्यात ठेवली. ती डबा घेऊन गेली.

२६ ऑगस्ट

भांडण झालं. लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही.

थळच्या केंद्रावरून एक रक्त आलं. विनेश, वय चौतीस, मच्छीमार. मासेमारीवरची पावसाळी बंदी उठल्यावर बोटीवर गेला, ताप घेऊन परतला. हिरड्यांतून रक्त, प्लेटलेट खूप खाली. या दिवसांत असे रोज येतात, निम्म्या गावाला डेंग्यू आहे. इराने रिपोर्ट लिहिला — पेशी संशयास्पद, रक्ताच्या कर्करोगाची शक्यता, ताबडतोब मुंबईला पाठवा.

मी स्लाइड मागवली. मला तापातल्या फुगलेल्या पेशी दिसल्या, दुसरं काही नाही.

"एकदा परत बघा, मॅडम."

"तू शाळेत होतीस तेव्हापासून बघतेय मी हे!" — सगळ्यांसमोर! सुजित मान खाली घालून उभा. "कोळीवाड्यातलं घर आहे. कर्करोग म्हणून लिहिलंस तर त्याची आई आजच हाय खाऊन मरेल. आणि खोटं निघालं तर लॅबचं नाव कुणाचं जाणार? तुझं?"

तिची ओळ खोडली. विषाणूजन्य ताप लिहिलं. खाली माझी सही.

"बरं मॅडम."

२७ ऑगस्ट

इरा कामापुरतं बोलते. सगळे पुन्हा माझ्या दाराशी. कालच्यानंतर कुणी काही स्वतः ठरवायला तयार नाही. फ्रीजवाल्याला फोनसुद्धा मीच केला.

२ सप्टेंबर

दुपारी विनेशची आई आली. सोनाबाई. टोपलीत पापलेटं, वर केळीचं पान. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे आणलं. बाईने वाकून माझे पाय धरले!

"बाय, तुमी माजा पोर वाचवलाव गो. तुमची ती ल्हान डाक्टरीणबाय — तिचा फोन आला. म्हनली, कागदावर काय बी लिवलेलं असू द्या, आजच्या आज मुंबईला न्या. म्या म्हनलं, कागदावर तर ताप हाय. म्हनली, आई, माजं ऐका. तिकडं मोठ्या हास्पिटलात म्हनतात रक्ताचा कॅन्सर हाय, पन दवा हाय त्याच्यावर. अजून उशीर झाला असता तर न्हाय म्हनले."

मी काय म्हणाले? "देवाची कृपा, सोनाबाई." हेच म्हणाले. पापलेटं ठेवून घेतली. तिने ज्या कागदावर विश्वास ठेवायचा नव्हता तो मी लिहिला, हे सांगितलं नाही. माझे पाय तिच्या हातात होते आणि मी ते मागे घेतले नाहीत.

ती गेल्यावर दार लावलं. पहिला विचार पोराचा नाही आला. पहिला विचार — रिपोर्टवर माझी सही असताना पेशंटला फोन करायची इराची हिंमत कशी झाली! इथे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. संताप आला. आधी संताप, मग भीती. पोरगा वाचतोय याचं बरं वाटणं सगळ्यांत शेवटी आलं.

३ सप्टेंबर

इराला बोलावलं. ती तयारीनेच आली, हातात राजीनामा.

"तुमचा रिपोर्ट मी बदलला नाही, मॅडम. फक्त फोन केला."

"कधी?"

"अठ्ठावीसला."

"म्हणजे दोन दिवस —"

"दोन दिवस गप्प बसले. वाटलं, मॅडम चुकणार नाहीत. मलाच दिसलं ते खरं नसेल. रोज संध्याकाळी तुम्ही माझ्या स्लाइड्स तपासत होतात ना, त्याने माझाही माझ्या डोळ्यांवरचा विश्वास गेला होता." इथे तिचा आवाज फुटला. "ते दोन दिवस माझे आहेत, मॅडम. तुमच्यावर नाही ढकलत."

मी म्हटलं, ते तुझे नाहीत. आणि डोळ्यांचं सांगितलं. लॅबमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आम्हाला माहीत आहे. सुजितदादांना सगळ्यांत आधी कळलं."

सगळ्यांना माहीत होतं! आणि कुणी बोलू शकलं नाही. मी किती वर्षं खपून अशी जागा तयार केली, जिथे डॉक्टरला दिसत नाही हेही कुणी डॉक्टरला सांगू शकत नाही.

राजीनामा घेतला नाही. तिने अट घातली. "राहते. पण मायक्रोस्कोपच्या खोलीत तुम्ही यायचं नाही. मी मदत मागितली तरच. नाहीतर मी जाते."

हो म्हणणं जड गेलं. म्हटलं.

५ सप्टेंबर

सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं — डोळ्यांचं, विनेशच्या रिपोर्टचं, सगळं. टाळ्या नाहीत. सुजित म्हणाला, "मॅडम, चहा आणू का?" मग लगेच, "आणतोच."

केंद्रांचं वेळापत्रक आता सुजित बघेल, खरेदी काउंटरवरची मुलगी. सही इराची. मी दिवसभर केबिनमध्ये. दारात कुणीही आलं नाही. हेच हवं होतं ना? बाहेर काम चाललेलं ऐकू येत होतं. एकदा सगळे कशावरून तरी हसले. कशावरून, कळलं नाही.

८ सप्टेंबर

हरी म्हणतो, वाडीत ये, बस माझ्यासोबत. गेले. तासाभरात त्याच्या गड्याला सुपाऱ्या कशा वाळवायच्या ते सांगायला लागले! हरी माझ्याकडे बघून नुसता हसला. गडी हसला नाही.

११ सप्टेंबर

विनेश काल गेला. मेंदूत रक्तस्राव झाला. सोनाबाईच्या शेजारणीने थळच्या केंद्रावर सांगितलं.

इराला केबिनमध्ये बोलावलं. विचारलं, ते दोन दिवस मिळाले असते तर?

"काही फरक पडला नसता, मॅडम."

लगेच म्हणाली. फार लगेच. खरं बोलतेय की मला सांभाळतेय, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं असतं. मी तिच्याकडे सरळ बघत होते, आणि जिथे तिचा चेहरा होता तिथे आता डाव्या डोळ्यालाही नुसता करडा डाग दिसत होता.

"बरं, इरा," म्हटलं.