ग्लेंडाच्या क्लासमधला मथळा

रविवार, जून २००२, नालासोपारा

उद्या शाळेच्या बाईंना प्रोग्राम दाखवायचाय आणि गुणपत्रिकेचा मथळा इंग्रजीतच उमटत होता! ऑफिसातल्या ग्लेंडाने जावा या संगणकभाषेत लिहिलेला क्लास, म्हणजे प्रोग्रामचा तयार साचा, मी माझ्या पॅकेजमध्ये, म्हणजे माझ्या फायलींच्या गटात, वाढवला, त्यातली मथळा छापणारी मेथड मराठीत नव्याने लिहिली. तरी तिचाच मथळा. माझं काय चुकतंय? शेवटी नंदाखालला ग्लेंडाच्या घरी फोन केला. ती नुकतीच चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून आली होती.

"अगं, त्या मेथडच्या आधी 'प्रोटेक्टेड' हा शब्द लिहायचा राहिला. त्याशिवाय माझ्या पॅकेजबाहेरून ती बदलताच येत नाही!"

"मग क्लासवर तशी टीप तरी लिहायची!"

"तू लिही ना. डोकं तुझं फिरलंय, तूच नीट समजावशील."

दुपारी तिने दुरुस्त क्लास मेल केला. मराठी मथळा आला! मी चांगली लांबलचक टीप लिहून पाठवली. तिचं उत्तर एवढंच: "उद्या आमच्या वाडीतली केळी आणते. भांडू नको."

भांडतेय कोण? पण केळी घेणार.