हात आत असताना

४ ऑगस्ट, तळेगाव
नाशिकहून आलो, खोली मिळाली, डबा लागला, नोकरीचा पहिला दिवसही झकास गेला. कान्हे गावाजवळच्या एका कारखान्यातल्या, पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनचा प्रोग्रॅम लिहायचा आहे. हात आत असला की प्रेस थांबलीच पाहिजे. प्रोग्रॅम तपासायला इथे एक एवढीशी फाइल वापरतात. ती एकेक टेस्ट चालवते आणि पहिली नापास झाली की तिचं नाव दाखवून तिथेच थांबते. पुढच्या टेस्टकडे बघतसुद्धा नाही. काहीच अडलं नाही तर ‘सगळं पास’. मला असला सुटसुटीतपणा आवडतो.

५ ऑगस्ट
मी न लिहिलेली एक टेस्ट नापास झाली. ‘हात आत: प्रेस थांबली नाही.’ शेजारच्या टेबलावरची कौमुदी म्हणाली, तुझ्याशिवाय त्या फाइलला कोणी हात लावत नाही. मग काय, मी झोपेत लिहिली?

६ ऑगस्ट
दिवसभर डोकं फोडलं. प्रत्येक ओळ बरोबर, सेन्सर बरोबर, तरी ही बया नापासच! वैताग आहे नुसता. शेवटी आमचे साहेब, त्र्यंबक सर, म्हणाले की बंद करून टाक ती टेस्ट, इथे सगळे तेच करतात, उद्या मशीन चालू करायचंय. केली बंद. सगळं पास.

७ ऑगस्ट
कान्ह्याला जाऊन प्रोग्रॅम चढवला. प्रेसवरचे हनुमंतभाऊ भलतेच खूश. म्हणाले, “आता बिनघोर हात घालतो बगा सायेब, मशीन आपसूक थांबंल.” हात घालून दाखवलाही. थांबली.
परत येऊन बघतो तर नवीन टेस्ट नापास. ‘हनुमंत, उजवा हात: प्रेस थांबली नाही.’ हा काय चावटपणा म्हणून कौमुदीवर ओरडलो. ती रडायलाच लागली. रागारागात ही टेस्टही बंद केली.

८ ऑगस्ट
कारखान्यातून फोन. हनुमंतभाऊंचा उजवा हात — मनगटापासून —
मी बंद केली म्हणून. मीच.

९ ऑगस्ट
दोन्ही टेस्ट पुन्हा चालू केल्या. आता पास होतायत! आता काय उपयोग. त्यांच्या पुढची एक नवीनच नापास आहे. ‘मुकुल, दोन्ही हात.’
मुकुल मीच. मी त्या मशीनजवळ फिरकणार नाही. आणि ही टेस्ट बंद करणार नाही, मेलो तरी नाही.

११ ऑगस्ट
सरांना दुसरं मशीन आजच चालू करायचंय. विनवण्या केल्या, पाया पडलो. हसले. म्हणाले, एका टेस्टसाठी कोणी अडून बसतं का. माझ्याच खुर्चीत बसलेत. मी इथे कोपऱ्यात — ओरडून सांगतोय, सर, नका बंद —
एंटर दाबलं. स्क्रीनवर सगळं पास
माझी बोटं