बकुळची कार्डं

५ सप्टेंबर १९६१

बकुळचं कार्ड आलं. यशवंतने ते माझ्यापुढे टेबलावर टाकलं. "काकू, ही इटारसीची बाई तेल लावते की पिते?"

आज पोस्टमनने सदर बाजारातल्या ऑफिसात गठ्ठाच आणला. गुडघ्याच्या तेलाच्या प्रत्येक खोक्यात आम्ही छापील जवाबी कार्ड घालतो — तिकीट लावू नका, खर्च आमचा. कुणीही पेटीत टाकलं की पोस्टेज आमच्याकडून, वर पोस्टाची फी आमच्याकडून. यशवंतला वाटलं, ऑर्डरी येतील. येतं काय? कुणी कॅलेंडर मागतो, कुणी मुलीसाठी स्थळ विचारतो. कानपूरच्या एकाने नुसती शिवी पाठवली. "आपणच पैसे भरायचे आणि गाली खायची," यशवंत म्हणाला. मला हसू आलं. ते त्याने पाहिलं.

उत्तरं मी लिहिते. अक्षर कॉन्व्हेंटचं आहे. पुतण्याच्या घरी राहणाऱ्या विधवा काकूने एवढं तरी करावं.

८ सप्टेंबर

बकुळला कोऱ्या कार्डांची चळत मीच पाठवली होती. कॉन्व्हेंटातली माझी मैत्रीण, आता इटारसीला मुलाकडे असते. दत्तात्रेय रेल्वेत गार्ड. सून पोस्टकार्डालाही पैसे देत नाही — "इस उमर में किसको लिखना है, अम्मा?" मग गिऱ्हाइकांच्या रजिस्टरात मी तिचं नाव चढवलं: गुडघेदुखी, जुनी. कुणी विचारू नये म्हणून. तिचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

मुंगीएवढ्या अक्षरात कडेपर्यंत लिहिते. "वसू, स्वप्नात मदरने आपल्याला पुन्हा बाकावर उभं केलं. मराठीत बोललो म्हणून. तेव्हा बोलू देत नव्हते, आता बोलायला कुणी नाही. नातवंडं हसतात. मराठी मी आता फक्त तुझ्याशी बोलते, तीही कार्डावर." सून कशी तोंड फिरवून ताट सरकवते, तेही लिहिलंय.

किती वेळा वाचलं कोण जाणे.

१९ सप्टेंबर

यशवंतने माझा खण उघडून बकुळची सगळी कार्डं काढली. बसून वाचली. मी म्हटलं, ती माझी आहेत.

"सोडवून घ्यायला पैसे कुणी भरले? ज्याने भरले त्याचं कार्ड." आवाजसुद्धा चढवला नाही. मग रजिस्टर मागितलं. "बघू, या खर्चातलं काही वसूल होतं का."

२७ सप्टेंबर

झालं वसूल. हिंदी पेपरात जाहिरात — "घुटनों का पुराना दर्द। बहू ने मुँह फेरा, तेल ने साथ दिया — बकुल देवी, माताजी श्री दत्तात्रेय गार्ड, रेलवे क्वार्टर, इटारसी।"

दुखणं माझ्या रजिस्टरातलं. सून तिच्या कार्डातली.

"पेपर इटारसीला जातो का रे?"

"म्हणून तर तिथलं नाव घातलं. गार्डाची आई म्हटलं की रेल्वेवाले डोळे मिटून तेल घेतात, काकू."

३ ऑक्टोबर

तिचं कार्ड नाही. ऑर्डरी मात्र आल्या. यशवंतने पेढे वाटले. मला दोन दिले. मी खाल्ले.

६ ऑक्टोबर

बकुळचं कार्ड. चारच ओळी. "दत्तूला रनिंग रूममध्ये, ड्यूटीनंतर गार्ड आराम करतात तिथे, सगळ्यांनी घेरलं — क्यों गार्डसाब, बहू ने मुँह फेरा? घरी येऊन त्याने माझी पेटी बाहेर काढून ठेवली. सुनेने दार लावलं. बुधवारी मेलने येते. तू आहेस म्हणून बरं."

रागाचा एक शब्द नाही. मला वाटतं, रजिस्टराचं तिला माहीत नाही.

यशवंत जेवत होता तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, "एक काकू आहे ना घरात. दुसरी कशाला? तुम्हाला तिच्याबरोबर राहायचं असेल तर खुशाल जा. मग परत मात्र यायचं नाही." मग म्हणाला, "भाजी वाढा."

वाढली.

१० ऑक्टोबर

स्टेशनापलीकडच्या वस्तीत, नगऱ्यात, खोली पाहून आले. छोटी आहे, पण मागे नळ आहे, दुपारी ऊन येतं. मालकीण बुंदेली, प्रेमळ. "जिज्जी, दोई जनी आराम सें रहियो." दोघी मिळून मुलींच्या शिकवण्या घेऊ. इंग्रजी मी, शिवण बकुळ. दिवसभर मराठीत बोलू आणि कुणी बाकावर उभं करणार नाही. परतताना चाळिशीतल्या बाईसारखी चालत होते.

आगाऊ भाडं जवळ होतं. दिलं नाही. उद्या देते म्हटलं.

११ ऑक्टोबर

गाडी वेळेवर आली. बकुळने उतरल्याउतरल्या मला मिठी मारली. मी तिला चहा पाजला, आणि इटारसीचं संध्याकाळचं तिकीट तिच्या हातात ठेवलं. तिने ते उलटून पाहिलं. पदराच्या टोकाला बांधलं. पेटी जड होती, म्हणून कुली केला. त्याचेही पैसे मीच दिले.