सव्वीस फूट चार इंच

४ ऑगस्ट २०१३, रविवार. सकाळी ७.१०
नक्की झालं. १४ सप्टेंबरला, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात विनोदिनी एकटी गाणार. लग्नाला चोवीस वर्षं झाली, बायको आजवर कोरसमध्येच, तीही दुसऱ्या रांगेत. काल यशवंतरावांनी (मंडळाचे अध्यक्ष, रेल्वेत गार्ड होते, अजूनही झेंडी दाखवल्यासारखे बोलतात) तिचं नाव यादीत घातलं. ती घाबरली आहे. सोबतीला बेस गिटारवर मी. मी घाबरलेलो नाही.
बेस मी स्वतः शिकलो. गुरू नाही, क्लास नाही. रायपूरच्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसरची नोकरी सांभाळून, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. पाच वर्षं झाली. चार तारा असतात, त्यातल्या तीन पूर्ण ताब्यात आहेत.
संकल्प: रोज चाळीस मिनिटं सराव. आणि नवा ॲम्प, नवं स्पीकर कॅबिनेट. जुन्या डब्यातून बेस नाही, सर्दी ऐकू येते.
विनोदिनी म्हणाली, मले काही नको जी, तुम्ही फक्त बाजूला उभे राहा. दुसऱ्या कडव्याचा पहिला शब्द माझ्या डोक्यातून जाते. तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही मान हलवली, की येते. मी म्हटलं, मान हलवूच, पण आधी पाया पक्का पाहिजे.

६ ऑगस्ट, मंगळवार
मंत्रालय शहरातून नया रायपुरला गेल्यापासून बसमध्ये जाऊन-येऊन दोन तास मिळतात. इतर लोक झोपतात. मी कॅबिनेटचा अभ्यास केला. दहा इंची चार स्पीकरचं की पंधरा इंची एकाचं? तुलनात्मक पत्रक तयार केलं, नऊ रकाने, ऑफिसात टेंडरचं करतो तसं. दहावाल्याचा आवाज चटपटीत, पंधरावाल्याचा भारदस्त. माझा स्वभाव पाहता पंधरा.
सराव: ० मिनिटं. पत्रकात गेली.

११ ऑगस्ट, रविवार
पुरानी बस्तीत धर्मपालकडे गेलो. त्याचं वाद्यांचं दुकान. पुढे ढोलक, हार्मोनियम. मागे धुमाल पार्ट्यांचे कपाटाएवढे स्पीकर, वरातीत गाडीवर रचून वाजवतात ते. त्याला ओहम समजावले. हेड, म्हणजे ॲम्प, चार ओहमपर्यंत झेपवतो, कॅबिनेट आठचं घ्यायचं, म्हणजे पुढे दुसरं जोडता येतं. तो म्हणाला, हव सर (इकडचं ‘हो’). पंधरा इंची घेण्यामागची कारणं सांगितली, एकूण सहा. म्हणाला, हव सर. माणसाला जाण आहे. मग त्याने एक काळं धूड ओढून पुढे आणलं. ये ले जाइए, धुमालवाले यही ले जाते हैं, तीन गली दूर तक जाता है. मी म्हटलं, भैया, मैं भावगीत बजाता हूँ. म्हणाला, तो धीरे बजाइए.
हा मुद्दा मला सुचला नव्हता असं नाही.
घेतलं. सोबत तीनशे वॅटचा हेड. कॅबिनेट अडतीस किलोचं. चौबे कॉलोनीत आमच्या दुसऱ्या मजल्यावर चढवताना तीनदा टेकवलं, दोनदा मी स्वतः टेकलो.
विनोदिनीने पाहिलं आणि विचारलं, याच्यामागून मी दिसीन काय. टेप लावून दाखवलं, उंची अठ्ठावीस इंच फक्त.

१५ ऑगस्ट, गुरुवार. सुट्टी
बेडरूममध्ये पहिली चाचणी. कॅबिनेटसमोर दोन फुटांवर उभा राहिलो. आवाज जवळजवळ नाही. वाढवला. पँटचे पाय फडफडले, आवाज नाही. आणखी वाढवला. स्वयंपाकघरातून मंजिरी ओरडली, पापा, यहाँ डिब्बे नाच रहे हैं. (मुलगी, बी.कॉम.ला. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते.)
स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे डबे नाचतात आणि इथे मला ऐकू येत नाही. दुसरा कोणी असता तर कॅबिनेट खराब म्हणून परत देऊन आला असता. मी विचार केला.

१६ ऑगस्ट, शुक्रवार
लागला शोध.
बेसचा सूर म्हणजे लांब लाट. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर एकच लाट साडेआठ मीटरची. दोन फुटांवर उभा राहणारा माणूस लाटेचं नुसतं नाक ऐकतो. पूर्ण लाट ऐकायची तर लाटेइतकं लांब उभं राहायला पाहिजे. धर्मपालचं तीन गल्ल्यांचं निरीक्षण याच्याशी जुळतं, त्याला कारण माहीत नाही एवढंच.
विनोदिनी पांढरी चार पट्टीत गाते. त्या सुराची लाट, रायपूरची सप्टेंबरची उष्णता धरून: सव्वीस फूट चार इंच. टेप घेऊन बेडरूमपासून मोजत गेलो. टोक बरोबर डाळीच्या डब्यावर आलं.
जगातले बेसवाले वर्षानुवर्षं कॅबिनेटला टेकून उभे राहत आले आहेत. काहून, हे कोणी विचारलं नाही.
विनोदिनी दारात येऊन म्हणाली, एकदा गाऊन दाखवू काय. म्हटलं, उद्या.

१८ ऑगस्ट, रविवार. दुपारी ४
प्रयोग यशस्वी. सोबत काम करणारा दिवाकर, त्याला नया रायपुरात क्वार्टर मिळालं आहे. चारपदरी रस्ता, दिवे, दुभाजकावर झाडं, माणूस नाही. अशी जागा बेससाठीच बांधली असावी. कॅबिनेट त्याच्या व्हरांड्यात, मी रस्त्यावर, सव्वीस फूट चार इंचांवर खडूची रेघ मारून. सूर काय गोल आला. तासाभरात एक बस गेली, रिकामी, तीही हळू झाली.
दिवाकर आतून येऊन म्हणाला, भाऊ, पाण्याची मोटर चालू झाल्यासारखं वाटून राहिलं. म्हणजे खालचे सूर भिंत ओलांडून पोहोचले. नोंद घेतली. मग सिक्युरिटीवाला सायकलवर आला, साहब, परमिशन है? मी त्याला लाटेबद्दल सांगितलं. तो सायकलवरून उतरला नाही, पण ऐकून घेतलं.

२५ ऑगस्ट, रविवार
विनोदिनी म्हणते, सव्वीस फूट म्हणजे तुम्ही स्टेजवर नसालच. तिची अडचण समजून घेऊन उपाय काढला. सूर वर गेला की लाट आखूड होते. तिने पांढरी चार सोडून काळी पाचमध्ये गायलं तर मला एकोणीस फूट आठ इंच पुरतात. जवळपास सात फूट मी जवळ येतो. हे सगळं कागदावर काढून दिलं.
तिने कागद पाहिला. म्हणाली, माझा गळा तिथं पोहोचत नाही. मी म्हटलं, अजून वीस दिवस आहेत.
सराव: ४ मिनिटं. सुरुवात महत्त्वाची.

१ सप्टेंबर, रविवार
मंडळाचं सभागृह मोजलं. कॅबिनेट स्टेजवर, तबल्याच्या शेजारी. तिथून समोर मोजलं तर मी चौथ्या रांगेत, कोण्या बाईच्या मांडीवर. मागे मोजलं तर भिंतीपलीकडे. राहिली बाजू: दारातून बाहेर, व्हरांड्यात, चपलांच्या रॅकजवळ. नेमकं सव्वीस फूट चार इंच. जागा जणू माझीच वाट पाहत होती.
यशवंतराव बघत होते. म्हणाले, निरंजनराव, तुम्ही कार्यक्रमात आहात की बाहेर? मी म्हटलं, कॅबिनेट कार्यक्रमात आहे, मी लाटेच्या टोकाला आहे. म्हणाले, बरं, मग निवेदनात नाव कोणाचं घेऊ, तुमचं की त्याचं?
विनोदिनीला स्टेजवर उभं करून तपासलं. दाराचा पडदा पूर्ण बाजूला केला तर तिला माझा उजवा खांदा आणि अर्धी मान दिसते. हलवायला अर्धी पुरते.

८ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी
आज घरी तालीम होती. सभागृहात भिंतीकडेने फिरवून नेण्याएवढी लांब केबल तयार मिळत नाही, म्हणून दोन जोडून घ्यायला धर्मपालकडे गेलो. सोल्डरचा डाग देताना मी समोर उभा राहिलो, दोनदा पुन्हा करायला लावलं. हव सर, हव सर करत केलं त्याने. परत आलो तर तालीम संपलेली. तबलजी देवदत्त निघताना म्हणाला, वहिनी मस्त गाऊन राहिल्या भाऊ, पण दुसऱ्या कडव्यापाशी आल्या की दाराकडे पाहतात. दारातून वारा येत असेल. पुढच्या वेळी बंद ठेवायला सांगितलं.
केबल उत्तम झाली.

१४ सप्टेंबर, शनिवार. दुपारी ४.३०
मांडणी पूर्ण. स्टेजवर मोकळा सॉकेट एकच होता, तो वेळेवर ताब्यात घेतला. केबल भिंतीकडेने, दर दोन फुटांवर टेप. व्हरांड्यात खडूची रेघ. पुसू नये म्हणून शामरावांना सांगून ठेवलं. चपला सांभाळायला तेच बसतात, पंचाहत्तरीचे आहेत, पण नजर पक्की.
विनोदिनीने मोरपंखी साडी नेसली आहे. हात गार आहेत तिचे. म्हटलं, काळजी करू नको, आवाज सुटा येणार. ती म्हणाली, आवाज नाही जी. तुम्ही दिसा.

रात्री ९.१५
लिहिल्याशिवाय जेवायला बसवत नाही. आजच्यासारखा बेस रायपुरात कोणी ऐकला नसेल.
सुरुवातीला थोडा अडथळा. येणाऱ्या लोकांनी मला शामरावांचा माणूस समजून चपला हातात दिल्या. एक बाई म्हणाली, भैया, ऊपर वाले खाने में रखना. मी ठेवल्या. शामराव म्हणाले, निरंजनभाऊ, गिटार खाली ठेवा, दोन्ही हात लागतात या कामाले. डास फार होते म्हणून त्यांनी पडदाही सोडला. राहू दिला. लाटेला पडद्याचं काय.
विनोदिनीचं गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्यात बेस थोडा पुढे येत होता, मनाजोगता नव्हता. दुसऱ्या कडव्याआधी तिने एक लांब विराम घेतला. फार परिणामकारक. मला आधी सांगितलं नव्हतं. त्या वेळी माझ्या हातात कोण्या काकांचे बूट होते, पण मी पुन्हा वेळेवर शिरलो. आणि तिथून पुढे जे झालं ते झालं. बेस तबल्याच्या डग्ग्यात इतका मिसळला की वेगळा काढता येईना. कुठे घुमणं नाही, कुठे फुगणं नाही. देवदत्त थांबला की मी थांबत होतो, तो घुमला की मी घुमत होतो. पाच वर्षांत इतका संयम मला स्वतःलाही ऐकू आला नव्हता.
टाळ्या थांबेनात. वन्स मोअर झाला. सिद्धांत सिद्ध.
येताना रिक्षात विनोदिनी बाहेरच पाहत होती. भारावली असावी.

१५ सप्टेंबर, रविवार. दुपारी १
मंजिरीने मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ दाखवला. वन्स मोअरचा भाग. बेस नाही. समजावलं की मोबाईलचा माइक खालचे सूर पकडत नाही. ती म्हणाली, पापा, एम्प की लाइट देखो. दिवा बंद.
मग तिने व्हिडिओ मागे नेला.
विनोदिनी उभी आहे. पहिलं कडवं संपतं. ती दाराकडे पाहते. गप्प. देवदत्त ठेका धरून ठेवतो. ती पुन्हा दाराकडे पाहते. पदराने कपाळ पुसते. यशवंतराव विंगेतून उभा पंखा ओढत आणतात, माझा प्लग काढतात, पंख्याचा लावतात. म्हणतात, वहिनी, वारा घ्या, घाई नाही, आपल्याशिवाय ही गाडी सुटत नाही. लोक हसतात. तीही हसते. पंखा तिच्याकडे वळतो, आणि ती दुसरं कडवं उचलते.
पुढचं गाणं मी आत्ता ऐकलं. कालही मी तिथेच होतो, पण दुसरंच काही ऐकत होतो.
काल पाऊण गाणं मी बंद गिटार वाजवली. सर्वोत्तम बेस तोच.

संध्याकाळी ७
विनोदिनीला विचारलं, रागावली का. भाजी निवडत होती. नाही म्हणाली. मग म्हणाली, मी दोनदा पाहिलं, पडदा होता. मी म्हटलं, डासांसाठी सोडला होता शामरावांनी. म्हणाली, हो, डास होते.
याला उत्तर काढायला बसलो. एक रकाना आखला. मग कागद घडी करून ठेवला.

२२ सप्टेंबर, रविवार
यशवंतरावांचा फोन. कोजागिरीला विनोदिनीची दोन गाणी ठरली. मग म्हणाले, तुमचं ते कॅबिनेटही पाठवा. मी पेन घेऊन बसलो, विचारलं, कुठे लावायचंय. म्हणाले, दुधाचं पातेलं ठेवायला टेबल नाही.
पाठवतो म्हटलं. अडतीस किलोंचं आहे, हलणार नाही.
दुपारी विनोदिनी म्हणाली, या वेळी माझ्या बाजूला बसाल काय. मी विचारलं, बेस घेऊन? तिने जरा विचार केला. नाही जी, म्हणाली, रिकाम्या हातानं.
संध्याकाळी ती समोरच्या खोलीत गायला बसली. मी शेजारी सतरंजीवर, दोन्ही हात मांडीवर. हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. पहिलं कडवं झालं. दुसरं आलं तेव्हा मी मान हलवायला विसरलो, ऐकत होतो.
ती अडली नाही.