‘चंदेरी टाचा’मधला आवाज

अल ऐन
२४ ऑगस्ट २०२५

ती. रणजितदादास,
सा. न. वि. वि.

महिन्याला एक तरी मराठी पत्र लिहा, नाहीतर आखातात भाषा गंजेल, हा अण्णांचा नियम. ते गेले तरी आपण पाळतोय, म्हणून फोन बाजूला ठेवून बसले आहे.

काल आपल्या ‘चंदेरी टाचा’ अल्बमचं आठवं, शेवटचं गाणं संपलं, तू हेडफोन काढून खलास म्हणालास, तेव्हापासून घसा बसलाय. उद्या शाळा सुरू. मुलांना गणित खुणांनीच शिकवावं लागणार. दहा महिने दर शनिवारी दीड तास गाडी हाकत मोहम्मद बिन झायद सिटीत यायचं, तुझ्या त्या भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत घामाघूम होऊन गायचं. आता शनिवारचं काय करू?

पन्नाशीला टेकलेला नवरा डोळ्यांत काजळ आणि अंगात टिकल्यांचं जॅकेट घालून गिटार वाजवणार, यावर वहिनी काय म्हणते? ग्लॅम रॉक म्हणजे असंच असतं म्हणून तिची समजूत घाल. आणि गुडघा सांभाळ, त्या बुटांच्या टाचा वीतभर आहेत!

चेष्टा सोड. कॉलेजनंतर पहिल्यांदा मी स्वतःचा आवाज असा मोकळा ऐकला. घरी रुपेशना ऐकवायला गेले, तर म्हणाले की अल्बम आला की एकदमच ऐकू. नवरात्रात अल्बम येईल त्या दिवशी घरी भोंडला ठेवतेय. सगळ्या जणींना ऐकवणार.

लोभ आहेच, गाण्यासारखा चढता ठेव.

तुझी,
आभा

अल ऐन
२८ सप्टेंबर २०२५

रणजितदादास नमस्कार.

काल अकरा जणी आल्या होत्या. फेर झाला, खिरापत ओळखून झाली, मग मी फोन मोठ्या स्पीकरला जोडला. तुझी गिटार आली, ड्रम आले, आणि माझ्या जागी दुसरीच कोणी गायला लागली. वाटलं, चुकून भलतं गाणं लागलं. पुढचं लावलं. त्याच्या पुढचं लावलं. अस्मी सगळ्यांसमोर इंग्रजीत म्हणाली की मम्मा, यात तू कुठेच नाहीस. कोणीतरी सावरून घेतलं, की असेल मागे कोरसमध्ये. मी हो म्हटलं. माझ्याच घरात उभी राहून हो म्हटलं, दादा.

गायिका म्हणून नबिला असं नाव आहे. माझं कुठेच नाही.

रुपेश बायका गेल्यावर घरी आले. म्हणाले, जाऊ दे, दादांची काही अडचण असेल. तू तर फोनच उचलत नाहीस.

वाईट गायले असेन तर तसं लिही. ते मी सोसेन.

उत्तराची वाट बघते.

आभा

मोहम्मद बिन झायद सिटी
५ ऑक्टोबर २०२५

चि. आभास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझा आवाज ऐकायची हिंमत नव्हती. तू वाईट गायली नाहीस. परवा दुबईत अल्बमच्या कार्यक्रमात नबिला गायली, तेव्हा चारशे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या काजळावरून टिंगल झाली, पण तिसऱ्या गाण्यात श्वास रोखून ओळ सोडलीय, तिचं सगळ्यांनी कौतुक केलं. ती जागा तुझी. नबिलाला मराठी येत नाही. तिच्या कानात तुझा आवाज लावून प्रत्येक अक्षर तिच्याकडून गाऊन घेतलं.

आता खरं लिहितो. गणपतीला तुम्ही जेवायला आलात, तेव्हा तू आत आरती म्हणत होतीस आणि रुपेशराव मला बाल्कनीत घेऊन गेले. म्हणाले, शाळेचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरात संपतंय, असल्या अल्बममध्ये तिचं नाव दिसलं किंवा आवाज ओळखला गेला तर नोकरी जाईल. तुला सांगितलं तर तू ऐकणार नाहीस, म्हणून सांगायचं नाही. मला अल्बम लांबवायचा नव्हता. मी यल्ला, चला, म्हणून कामाला लागलो.

भाऊबीजेला येतो, समोर बसून बोलू. रागव, पण आपलं म्हणून रागव.

तुझा,
दादा

अल ऐन
१९ ऑक्टोबर २०२५

रणजितदादास,

पत्र वाचून दुसऱ्या दिवशी मी प्रिन्सिपल मॅडमकडे गेले आणि सरळ विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, परवानगीचा एक अर्ज देऊन ठेव, आणि आमच्या गॅदरिंगला गाशील का? हे रुपेशना सांगितलं, तेव्हा नोकरीचा विषय संपला आणि खरं बाहेर आलं. त्यांच्या ऑफिसातली माणसं बायकोचं असलं गाणं ऐकतील, याची त्यांना लाज वाटत होती.

त्यांचं मी बघेन. तुझं वेगळं आहे. मला विचारायला एक मिनिट लागलं असतं, आणि मी दहा पावलांवर आरती म्हणत होते.

परवा नबिलाचा फोन आला. अस्मीनं तिला मेसेज केला होता. बिचारी हिंदीतून माफी मागत होती. तू तिला सांगितलं होतंस की मूळ गायिकेनंच स्वतःचा आवाज अल्बममधून काढून टाकायला सांगितलं. हे तुझ्या पत्रात नव्हतं, दादा. बाल्कनीत रुपेश होते, पण हे खोटं तुझं एकट्याचं.

तिनं माझी आठही गाणी पाठवली, तू तिच्या कानात लावली होतीस ती. काल दुपारी हॉलमध्ये मी ती मोठ्या स्पीकरवर लावली. अस्मी माझ्याजवळ येऊन बसली. रुपेशनी आतून दार लावून घेतलं. मी आवाज कमी केला नाही.

गुरुवारी भाऊबीजेला येऊ नकोस.

आभा