तीन नंबर मशीनचे फ्यूज

अहमदनगर,
रविवार, १८ फेब्रुवारी १९७३

तीर्थस्वरूप दाजींना गहिनीनाथचा नमस्कार.

मी इकडे ठीक आहे. तुमची, अक्काची आणि मुलांची खुशाली कळवावी. तुमची वळकटी आणि डबा खोलीत जागेवर आहे. नळाला दिवसाआड पाणी येते, पण येते. पाथर्डीकडे तेवढेही नसेल. अक्का दुष्काळी कामावर खडी फोडायला अजून जाते का? मुलांना तिथे खायला सुकडी मिळते का?

तुम्ही न सांगता गावी गेलात म्हणून कारखान्यात कुणी रागावलेले नाही. तुम्हाला हिवताप आला असे मी सांगितले आहे. अक्कालाही तेच कळवले आहे. तिने शाळेच्या मास्तरांकडून मला पत्र लिहवून घेतले होते. मास्तरांनी तिचे शब्द जसेच्या तसे घातलेत: "ह्ये धड जेवत न्हाईत, कुनाशी बोलत न्हाईत. तितं काय झालं हाय का? तू इंजिनेर हायेस, तुला ठावं आसल." अक्का मला गावभर इंजिनिअर सांगते. खरे इंजिनिअर दिवाळीनंतर पुण्याला गेले आणि त्यांचे काम नववीतून शाळा सुटलेल्या माझ्या गळ्यात पडले, हे तिला कोण सांगणार?

पाणीटंचाईमुळे आपल्या प्लास्टिकच्या बादल्यांची मागणी फार वाढली आहे. येत्या शुक्रवारी तीन नंबर मशीनवरचा पाण्याच्या मगाचा साचा उतरवून बादलीचा चढवायचा आहे. त्यासाठी साच्याच्या दोन्ही लोखंडी अर्ध्यांमध्ये खांद्यापर्यंत हात घालावा लागतो, हे तुम्ही पाहिले आहे.

दाजी, माझा हात आत जात नाही.

परवा आत प्लास्टिक अडकले. मी मेन स्विच बंद केला, फ्यूज काढले, परत जाऊन स्विच पाहिला. साच्यापाशी आलो आणि हात त्याच्या तोंडाशीच थांबला. पुन्हा स्विचच्या पॅनेलकडे गेलो. शेवटी लांब काठी घेऊन बाहेरूनच टोकरत बसलो. सुपरवायझर आप्पासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "काय इंजिनेरसायब, साचा चावतोय व्हय? का भटजीला बोलवू मुहूर्त काढाया?" सगळे हसले. मीही हसलो. मग ते जवळ येऊन हळू म्हणाले, "सुक्कीरवारी बादली निघाली न्हाई, तर मला दुसरा मानूस बघावा लागंल. मंग म्हनू नका."

तुम्ही गावी जाण्याआधीच्या त्या दिवसाबद्दल आपण दोघे बोललोच नाही. आता मी लिहितो.

जुन्या इंजिनिअरांनी मला एकच गोष्ट पक्की शिकवली होती. ज्याचा हात मशीनमध्ये, त्या मशीनचे फ्यूज त्याच्या खिशात. त्याप्रमाणे तिन्ही फ्यूज माझ्या सदऱ्याच्या खिशात होते. मी मशीनच्या पलीकडून हात घालून पितळी सळईने प्लास्टिक खरवडत होतो. पॅनेल मागे भिंतीशी आहे, तिथून आतला माणूस दिसत नाही.

तुम्ही पाणी पिऊन आलात. आप्पासाहेब शेडच्या त्या टोकावरून ओरडत होते, "तीन नंबर का बंद?" तुम्ही फ्यूजच्या जागा रिकाम्या पाहिल्या. फ्यूज जळाले, मी तार बदलायला नेले, असे तुम्हाला वाटले. बंद पडलेल्या पाच नंबरचे फ्यूज काढून तुम्ही इकडे बसवलेत आणि स्विच ओढलात. फ्यूज बसवायला तुम्हाला मीच शिकवले होते. ऊसतोडीतून आलेला माणूस किती लवकर शिकला म्हणून मी आप्पासाहेबांना कौतुकाने सांगितलेही होते.

आधी माझ्या पायांना कळले. फरशी थरथरली. साचा मिटवायची दांडी झिजलेली आहे, ती आपोआप सरकली आणि साचा मिटू लागला. हात कसा बाहेर आला ते मला आठवत नाही. सदऱ्याची बाही आत राहिली.

मी खिसा चाचपला. फ्यूज खिशात होते, दाजी. फ्यूज खिशात होते आणि मशीन चालू होते.

मग तुम्ही मशीनला वळसा घालून आलात. तुमच्या चेहऱ्यावर हसू होते. "बसवलं बगा फ्यूज! हाय का न्हाई म्या आता अर्धा फिटर?" असे म्हणालात, आणि तुम्हाला ती बाही दिसली.

मॅनेजरांनी विचारले, फ्यूज कुणी बसवले? मी माहीत नाही म्हणालो. ते तुम्हालाही विचारणार नाहीत. पण तुम्ही त्यामुळे गेला नाहीत, हे मला कळते. मी तुमच्याकडे पाहीन, याची तुम्हाला भीती वाटते. मला साच्याची वाटते. आता दिवसातून कितीदा तरी मी खिसा चाचपतो आणि माझा खिशावर विश्वास बसत नाही.

म्हणून विनंती आहे. गुरुवारच्या एस.टी.ने या. शुक्रवारी मला पॅनेलपाशी एक माणूस हवा आहे. दुसरा कुणी उभा केला, तर तो जरा वेळाने विडी ओढायला जाईल, किंवा आप्पासाहेब ओरडले की बाजूला होईल. तुम्ही जाणार नाही. आप्पासाहेब ओरडोत, शेडला आग लागो, मी हात बाहेर काढून हाक मारेपर्यंत तुम्ही त्या पॅनेलला कुणाला शिवू देणार नाही. साऱ्या कारखान्यात हे मी फक्त तुमच्याबद्दल खात्रीने लिहू शकतो.

तुम्ही आला नाहीत तरी मी हात घालीन. घालावाच लागेल. पण या तुम्ही.

या वेळी फ्यूज तुमच्या खिशात राहतील.

अक्काला काही सांगू नका. मुलांना आशीर्वाद.

दोन्ही हात जोडून नमस्कार करणारा,
तुमचा मेहुणा
गहिनीनाथ