संध्याकाळची पिशवी

६ जानेवारी, सोमवार

राजुरीत पोचले एकदाची. एसटीतून उतरले तर पेशंटचे वडील अंकितशेठ स्वतः स्कूटर घेऊन हजर. माझं माहेर कळंबचं, म्हणजे इथून तासाभरावर, त्यामुळे परकं असं वाटलंच नाही. घर दुकानाच्या वर, ऐसपैस. रिंकूची खोली बघून तर मी खूश झाले. फरशी लख्ख, एक कण धूळ नाही. दहा वर्षं पुण्यात लहान मुलांच्या डायलिसिसवर काढली, पण इतकं तयार घर मिळालं नव्हतं. मास्क लावायचा म्हटलं तर आजी कस्तुरबाई हसल्या. म्हणाल्या, आम्ही जन्मभर पूजापाठाला तोंडावर मुहपत्ती बांधतो, आम्हाला काय शिकवता.

रिंकू सात वर्षांची, वजन पंधरा किलो दोनशे. दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. पोटातल्या नळीतून औषधाचं पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं, रक्तातली घाण त्यात उतरली की पिशवीत काढून घ्यायचं. दिवसातून चार वेळा. अठरा किलो भरली की आई डिंपल तिला स्वतःची किडनी देणार. पाण्याचं माप आणि वेळा अशा बसवायच्या की पोर जेवेल, वाढेल, यासाठी मला बोलावलंय. बसवतेच. मी काही लेचीपेची नाही.

१० जानेवारी

सगळं झकास चाललंय. सहाशे मिली आत, साडेसहाशे बाहेर. पिवळसर, नितळ. रिंकूने माझं नाव मापमावशी ठेवलंय. तिला दिवसाला अर्धा लिटरच पाणी प्यायची मुभा, तेही मी वाटीने मोजून देते, म्हणून. भारी तोंडाळ पोर आहे. शेवटची पिशवी सातला काढते, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, कारण घर जैन, सगळे चौविहार पाळतात. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही. आजाऱ्याला अर्थातच सूट असते.

भिंतीवर एका मुलाचा फोटो आहे. संयम, रिंकूचा मोठा भाऊ. हाच आजार, हीच खोली. जाऊन दीड वर्ष झालं. डिंपलवहिनी फोटोकडे बघत नाहीत, म्हणून मीही विचारलं नाही.

१५ जानेवारी

संध्याकाळची पिशवी हलकी आली. सहाशे सोडले, चारशे निघाले. पाणी पोटात जास्त वेळ राहिलं की शरीर ते परत शोषून घेतं, तसंच झालं असणार. उद्यापासून तो फेरा चारऐवजी तीन तासांचा करते. डॉक्टरांना फोन केला, तेही हेच म्हणाले.

१८ जानेवारी

तीन तास केले, अडीच केले. आज निघाले दोनशे.

मला राग येतोय, आणि त्यामागे दुसरंही काही आहे. पाणी अंगात मुरलं तर वजन वाढायला हवं. साधा हिशेब आहे. रिंकूचं वजन चौदा किलो नऊशे. काटा तीनदा तपासला, स्वतः उभी राहिले, दुकानातली साखरेची पोती ठेवून पाहिली. काटा बरोबर आहे. मग चारशे मिली गेलं कुठे?

२१ जानेवारी

दोन दिवस पुण्याला हॉस्पिटलात होतो. नळी जागेवर, एक्स-रे स्वच्छ, तिथे प्रत्येक पिशवी भरून आली. डॉक्टरांनी मला अगदी गोडीने विचारलं, की सिस्टर, घरी मोजण्यात काही गडबड होत नाही ना. मान खाली घालून ऐकून घेतलं. रिंकू मात्र परत यायला उतावीळ. दादा वाट बघत असेल म्हणाली. मला वाटलं फोटोबद्दल बोलतेय.

२३ जानेवारी

संध्याकाळी एक थेंब निघाला नाही. नळीला पीळ नाही, गाठ नाही. मी नळी कानाला लावली. लावायला नको होती.

घोटाचा आवाज होता. घटाघटा नव्हे. एक घोट, मग थांबणं. मग एक घोट. मोजून मिळालेलं पाणी पोरं जसं पुरवून पुरवून पितात तसा.

रिंकू सहज म्हणाली की दादा पितोय. वाटीतलं पाणी त्याला अंधार पडल्यावर चालत नाही, पण पिशवीतलं औषध असतं, औषधाने नियम मोडत नाही. म्हणून ती त्याला देते. हात धुतलेले होते तरी मी पुन्हा धुतले.

२४ जानेवारी

धुण्याभांड्याला येणाऱ्या चिमाबाईला गच्चीत गाठलं. आधी नको नको म्हणाली, मग पदर तोंडाला लावून सांगितलं. लई तान्हेलं गेलं व्हतं पोरगं, ताई. पानी पानी करायचं, पन हट्ट म्हनून केला न्हाई कधी.

दुपारी कस्तुरबाई स्वतःच माझ्याजवळ येऊन बसल्या. संयमने आठ दिवसांचा चौविहार हौसेने घेतला होता. महासतीजींनी, म्हणजे त्यांच्या साध्वींनी, सांगितलं होतं की आजाऱ्याला बंधन नाही, पण बाईंना नातवाचं फार कौतुक वाटलं, की दहा वर्षांचं पोर नियम पाळतंय. आठव्या दिवशी त्याच्या मापातलं अर्धी वाटी पाणी उरलं होतं. दिवस मावळल्यावर त्याने मागितलं. त्या म्हणाल्या, आता उद्या सकाळी, सूर्य वर आला की, नवकारशीनंतर. तो बरं म्हणाला आणि कूस बदलून झोपला. सकाळ त्याने पाहिलीच नाही.

हे सांगताना बाई रडल्या नाहीत. मी रडले. नर्सने रडू नये म्हणतात, पण अर्ध्या वाटीसाठी रडले.

२५ जानेवारी

रिंकू चौदा किलो दोनशे. आता चारही पिशव्या कोरड्या येतात. ओठ फुटलेत, डोळे आत गेलेत. पुण्याला नेलं तर दोन दिवस बरं, परत आलो की पुन्हा हेच. सलाईन लावलं तर तेही—

काल तिन्हीसांजेला मीच पाण्याचा तांब्या फोटोखाली ठेवला. सकाळी काठोकाठ तसाच. रिंकू म्हणते, तो शिवणार नाही. दादीने नाही म्हटलंय ना. शहाणं बाळ. असं शहाणपण कुणाच्या पोराला येऊ नये.

२६ जानेवारी

कस्तुरबाईंनी केलं. सूर्य बुडाल्यावर फोटोसमोर बसल्या, वाटी पुढे केली, म्हणाल्या, संयम, पी बाळा, माझं चुकलं. तुला हवं तेवढं पी. कधीही पी. कुठेही पी.

वाटी रिकामी झाली. आमच्या डोळ्यांदेखत. मग तांब्या. मग बाईंनी हंडा आणला, तोही. बाई हसत होत्या, रडत होत्या. मला वाटलं, सुटलं पोर. दोन्ही पोरं सुटली.

२७ जानेवारी

गच्चीवरची टाकी रिकामी. फिल्टर रिकामा. औषधाच्या पिशव्या खोक्यात सीलबंद, सगळ्या चपट्या.

रिंकू तेरा सहाशे. रडते, पण डोळ्यांत पाणी येत नाही.

कस्तुरबाई फोटोला सांगतायत, पुरे कर रे राजा. पण दीड वर्ष नाही म्हटल्यावर आता पुरे कसं म्हणायचं, असं त्यांना होतं. मध्येच थांबतात.

२८ जानेवारी, सकाळ

गाडीत. अंकितशेठ चालवतायत, डिंपलवहिनी पुढे. रिंकू माझ्या मांडीवर. पुण्यात पोचलो की सगळं ठीक होईल, मागच्या वेळी झालंच होतं.

नारायणगाव गेलं. गाडीतल्या बाटल्या—

तो आमच्याबरोबर आहे. कुठेही पी म्हटलं होतं.

मंचरच्या अलीकडे

नाडी लागत नाही नीट. बारा किलोसुद्धा नसेल.

रिंकूने डोळे उघडले. हळूच म्हणाली, दादाला वाईट वाटतंय. माझं संपत आलंय ते त्याला कळतं. पण राहवत नाही त्याला. न विचारता दुसऱ्याचं घेणार नाही तो. विचारतोय, मापमावशीचं चालेल का.

वहिनींना ऐकू गेलं नाही. बरं झालं, माझ्या आधी त्याच हो म्हणाल्या असत्या. त्यांची किडनी लागणार आहे पोरीला.

मी म्हटलं, चालेल. सगळं चालेल. आधी तिला सोड, बाळा.

जीभ टाळूला— बोटं सुरकुतली, पेन नीट—

घोट ऐकू येतोय. माझ्या आतून. सावकाश पितोय, पुरवून—

रिंकूच्या डोळ्यांत पाणी आलं. गालावर आलं. नाडी आता लाग—